सूर्यास्तानंतरचा पाहुणा

आमच्या घरात घड्याळापेक्षा सूर्याचा मान मोठा होता. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावरील आमच्या गावी, गुरे परतून दारात येत तेव्हा स्वयंपाकघरातील चूल शांत झालेली असे आणि आई खरकटे आवरून माजघरात माळ घेऊन बसलेली असे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ऐन तारुण्यात रात्रिभोजनत्यागाचे व्रत घेतले होते. ते व्रतही त्यांनी काटेकोर पाळले. सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, उरली की त्यानंतर अन्नाचा कण नाही. गावी या गोष्टीची कोणाला अडचण वाटली नाही, कारण सारी आळीच तसे जेवत असे. अडचण झाली ती दक्षिण कॅलिफोर्नियात.

१९९७ साली आई गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मी अण्णांना सेरिटोस येथील आमच्या घरी घेऊन आलो. त्यांचे वय तेव्हा ७४. ऑक्टोबरचे दिवस कसेबसे निभावले. पण महिनाअखेरीस घड्याळे एक तास मागे गेली आणि डिसेंबरात सूर्य पावणेपाचला मावळू लागला. म्हणजे अण्णांचे जेवण पावणेचारला. मी त्या वेळी एल सेगुंडोतील कचेरीत असे, सौ. प्रयोगशाळेत, आणि मुलगी सॅन डिएगोला वसतिगृहात. सौ. पहाटे उठून पोळ्या करून ठेवी. अण्णा दुपारी ते ताट स्वतःच वाढून घेत, रिकाम्या घरात जेवत, ताट धुऊन उपडे घालत. मी ४०५ आणि ९१ या महामार्गांवरची रांग पार करून सात वाजता घरी येई तेव्हा ते ताट कोरडे झालेले असे. मग आम्ही दोघे नवराबायको जेवायला बसत असू आणि अण्णा दिवाणखान्यात पाठमोरे बसून राहत. गावी असताना बापलेकांनी एका पंगतीत बसावे याचा त्यांना केवढा आग्रह असे! येथे त्यांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि मीही काढला नाही. सबंध हिवाळाभर मी माझ्या वडिलांबरोबर एकदाही, सुटीचे दिवस सोडले तर, जेवलो नाही. त्या वर्षी पाऊसही विलक्षण होता. ‘एल निनो’ हा शब्द तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होता. त्यामुळे फिरावयास जाणेही बंद झाले होते.

अशाच एका संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, मी हात पुसत बाहेर आलो तर अण्णा खुर्ची दूरचित्रवाणी संचाच्या अगदी जवळ ओढून बसले होते. पडद्यावर आडदांड बांध्याचा, पिकल्या केसांचा, पिळदार दंडांचा एक गृहस्थ हातात मोठा ध्वनिक्षेपक धरून कुणा म्हातारबुवांना काहीतरी विचारत होता आणि उत्तर ऐकून लहान मुलासारखा हरखत होता. अण्णांनी मागे न पाहताच मला विचारले, “बाळ, ह्यो कोण?”

तो ह्यूल हाउझर होता. मी त्याला ओळखत होतो. किंबहुना त्या वेळी आमच्या भागात त्याला न ओळखणारा माणूस सापडणे कठीण होते. पण मी थोडे अनिच्छेनेच उत्तर दिले. त्याचे कारण पुढे सांगतो.

परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ह्यूल हाउझर हा मूळचा कॅलिफोर्नियाचा नव्हेच. टेनेसी राज्यातील गॅलाटिन या छोट्या गावी १८ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याचा जन्म झाला. वडिलांचे नाव हॅरल्ड आणि आईचे जुवेल. दोहोंची सांगड घालून आईबापांनी मुलाचे ‘ह्यूल’ असे नाव ठेवले. मरीन दलात नोकरी, पुढे सिनेटर हॉवर्ड बेकर यांच्याकडे काम, मग नॅशव्हिलच्या व न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीवर वार्ताहर, असा प्रवास करीत तो १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला आला. व्यावसायिक वाहिन्यांवर काही वर्षे काढून तो केसीईटी या आमच्या सार्वजनिक वाहिनीकडे वळला, आणि १९९१ मध्ये त्याने ‘कॅलिफोर्नियाज गोल्ड’ ही मालिका सुरू केली. या राज्यात ५८ काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे म्हणा, आहेत. त्या साऱ्या त्याने पालथ्या घातल्या. सोबत एकच छायाचित्रकार. सुरुवातीची अनेक वर्षे हे काम लुईस फुएर्ते यांनी केले. ना लिहून घेतलेली संहिता, ना प्रकाशयोजनेचा थाट, ना चकचकीत कापाकापी. हाउझर एखाद्या दारात उभा राही, प्रश्न विचारी, आणि काही आवडले की मागे वळून छायाचित्रकाराला हाक मारी, “लुई, हे बघ जरा!” ही हाक पुढे इतकी प्रसिद्ध झाली की फुएर्ते यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला तेच नाव दिले.

आता माझ्या अनिच्छेचे कारण. हाउझरच्या बोलण्यात टेनेसीचा जाड, लांबवलेला हेल होता आणि कॅलिफोर्नियात तीस वर्षे राहूनही त्याने तो टाकला नाही. ‘अमेझिंग’ हा त्याचा आवडता उद्गार तो असा काही ताणून म्हणे की कचेरीत मधल्या सुटीत त्याची नक्कल करणे हा एक खेळच झाला होता. मीही त्या नकलांना हसत असे. आणि हसताना मनात एक धाकधूक असे, की मी खोलीबाहेर गेल्यावर माझीही नक्कल होत असेल. वीस वर्षे खर्चून मी माझ्या उच्चारांतील कोल्हापूर घासून घासून काढले होते. दूरध्वनीवर बोलताना माझा आवाज बदलतो, असे सौ. नेहमी म्हणे. अशा माणसाला, आपला हेल अभिमानाने मिरवणारा आणि तरीही सर्वांचा लाडका असलेला तो गृहस्थ पाहून जे वाटते, ते निर्मळ नव्हते. त्याला मत्सर म्हणावे की लाज, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

अण्णांना मात्र तो हेल सोयीचा पडला. सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरे तेवढी ओळखणाऱ्या अण्णांना बातम्या देणाऱ्यांचे एक वाक्य कळत नसे. पण हाउझर सावकाश बोले, एकच गोष्ट दोनदा-तीनदा सांगे आणि समोर जे दिसते आहे तेच शब्दांत म्हणे. हा बोर्ड आहे, या बोर्डावर असे लिहिले आहे, हा दरवाजा किती जुना आहे! सुशिक्षितांना हेच कंटाळवाणे वाटे. मलाही वाटे. अण्णांच्या दृष्टीने ती उत्तम शिकवणी होती. दोन महिन्यांत ते “हाउ ओल्ड?” आणि “हू मेड धिस?” असे विचारू लागले. तिसऱ्या महिन्यात आमच्या सौ.ने केलेली पोळी हातात धरून, टेनेसी आणि शिरोळ यांच्या मधोमध कोठेतरी असलेल्या हेलात, त्यांनी “अमेझिंग” म्हटले. आई गेल्यानंतर घरात कोणी असे मोकळे हसल्याचे मला त्यापूर्वीचे आठवत नाही.

मी एकदा म्हणालो, “अण्णा, ह्याचे प्रश्न फार साधे असतात.”

अण्णा म्हणाले, “साधं हाईत, पर खरं हाईत. उत्तर म्हाईत असून इचारत न्हाई त्यो.”

हळूहळू साडेसातची ती वेळ ठरून गेली. आम्ही आमचे जेवण आधी किंवा नंतर उरकू लागलो, पण त्या वेळी तिघेही संचासमोर असू. जे ताट पावणेचारला एकट्याने वाढले गेले होते, त्याची भरपाई या अर्ध्या तासात होत होती, असे मला तेव्हा वाटत नव्हते, आता वाटते. अण्णा थट्टेने हाउझरला ‘पाहुणा’ म्हणत. “दिवस बुडाल्यावर येतोय, पर ताट वाढाय लागत न्हाई,” असे त्याचे कौतुक करीत.

याचा अर्थ सगळेच आम्हांला रुचत होते असे नाही. खाण्याच्या ठिकाणी गेला की हाउझर समोर येईल ते आनंदाने खाई, आणि त्यात आपल्याला पाहवणार नाही असे पुष्कळ असे. असे काही पडद्यावर आले की अण्णा रागावत नसत. चष्मा काढून तो धोतराच्या सोग्याला पुशीत राहत, आणि “झालं का?” असे विचारून मगच परत डोळ्यांवर चढवीत. काही भाग चष्मा पुसण्यातच संपले.

शेतीचे भाग असले की मात्र त्यांना डोळे कमी पडत. खजुराच्या बागेत नर फुलांचा पराग हाताने मादी फुलांवर नेतात हे कळल्यावर त्यांनी मला रात्री दहा वाजता शब्दकोश काढायला लावला. पण त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो वॉट्स टॉवर्सचा. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या गरीब वस्तीत सायमन रोडिया नावाच्या एका इटालियन मजुराने १९२१ पासून १९५४ पर्यंत, तेहतीस वर्षे, कामावरून आल्यावर एकट्याने, लोखंडी कांबी, सिमेंट, फुटक्या बश्या, बाटल्यांच्या काचा आणि शिंपले यांतून मनोरे उभे केले. सर्वांत उंच मनोरा सुमारे १०० फूट आहे. नगरपालिकेने धोकादायक म्हणून ते पाडावयाचे ठरविले, तेव्हा १९५९ साली लोकांनी आग्रहाने त्यांची ताकद तपासून घेतली. दोरखंडाने भार लावून ओढले तरी मनोरे हलले नाहीत, यंत्रच थकले.

अण्णांनी विचारले, “पगार कोण देत हुतं त्याला?”

“कोणीच नाही.”

“आनि मग पुढं?”

मी सांगितले की काम पुरे झाल्यावर रोडियाने ती जागा शेजाऱ्याच्या नावे करून दिली, तो उत्तरेकडे मार्टिनेझ गावी निघून गेला आणि आपले मनोरे पाहावयास पुन्हा कधी आला नाही. अण्णा पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बांधलं ते न्हवं. सोडून गेला, ते मोठं.” त्या वाक्याचा रोख कोणीकडे आहे हे मला कळायला आणखी पाच वर्षे लागली.

रविवारी आम्ही अण्णांना ब्युएना पार्कच्या जैन केंद्रात नेत असू. तेथील स्वाध्याय बहुधा गुजराती-हिंदीत चाले. अण्णा मागच्या बाजूला बसून ऐकत. एका रविवारी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील चार भावनांचा विषय निघाला. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. प्रमोद म्हणजे आपल्याहून गुणांनी मोठे असलेल्यांना पाहून मनात उचंबळणारा आनंद. मैत्री आणि करुणा यांची उदाहरणे भराभर आली. प्रमोदाचे उदाहरण द्या म्हटल्यावर जरा शांतता पसरली, कारण ही भावना बोलावयास सोपी असली तरी आपल्या रोजच्या जगण्यात तिचे दर्शन दुर्मीळच. अण्णा मोडक्या हिंदीत म्हणाले, “टीव्ही पे एक आदमी आता है. दुसरे का अच्छा देखके उसको सच्ची में खुशी होती है.” काही जण हसले. ज्यांचा स्वाध्याय चालला होता ते वयस्कर गृहस्थ हसले नाहीत. ते म्हणाले, “अठ्ठावीस नंबरवर ना? मीही पाहतो.” परतताना गाडीत अण्णांची छाती दोन इंच फुगली होती.

त्या वाहिनीवर अधूनमधून देणगीची मोहीम चाले. जाहिराती नसल्याने सार्वजनिक वाहिन्या प्रेक्षकांच्या वर्गणीवर बऱ्याच अवलंबून असतात. मी अशा वेळी वाहिनी बदलत असे. वीस वर्षे फुकट पाहिले आणि एक डॉलर दिला नव्हता. अण्णांना ती मोहीम काय आहे हे समजताच त्यांनी मला धनादेश लिहावयास बसवले. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी हे कोणते, असे मी चेष्टेने विचारले. “शास्त्रदान,” ते गंभीरपणे म्हणाले. ३५ डॉलर त्यांनी स्वतःच्या पाकिटातून मोजून माझ्या हातावर ठेवले, मला ते घ्यावेच लागले. काही आठवड्यांनी टपालाने एक कापडी पिशवी आली. तिच्यात वह्या आणि पोथ्या घालून ते रविवारी केंद्रात जात, आणि पुढे ती पिशवी त्यांच्याबरोबर गावीही गेली.

हाउझरच्या ज्या एका भागाचे आमच्या घरी पारायण झाले तो हत्तिणीचा. सर्कशीतील एक निवृत्त माहूत आणि त्याने लहानपणापासून वाढवलेली हत्तीण. निवृत्तीच्या वेळी त्याने तिला सॅन डिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात दिले होते. पंधरा वर्षांनी हाउझर त्या वृद्धाला तिच्याकडे घेऊन जातो. तिला आपण आठवू की नाही, याची त्या माणसाला खात्री नसते. लांबवर हत्तींचा कळप उभा असतो. तो नावाने हाक मारतो. आणि ती हत्तीण कळपातून निघून थेट त्याच्याकडे येते. तिचे नाव नीता. आपल्याकडच्या एखाद्या लेकीचेच नाव! बडबड्या हाउझर त्या वेळी बराचसा गप्प राहतो, ही मला त्याची सर्वांत मोठी हुशारी वाटते. सर्कस, साखळदंड, माणसाने हत्तीला बाळगावे की नाही, हे सारे प्रश्न आम्हा जैनांच्या घरी उपस्थित होणारच, आणि ते झालेही. अण्णा माझ्याशी वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हते. नांदणीच्या मठात तेव्हा हत्तीण होती. अण्णा तिला लहान असल्यापासून पाहत आले होते. डोळे पुसून ते एवढेच म्हणाले, “वळख मोठी असती, बाळ.” २०२५ च्या जुलैअखेरीस न्यायालयाच्या आदेशाने नांदणीची ती हत्तीण जामनगरकडे नेण्यात आली आणि गावोगावची माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. ती दृश्ये मी येथे बसून पाहिली. कोणाचे बरोबर, हे अण्णा असते तर काय म्हणाले असते याचा मी पुष्कळ विचार केला. माझे मत ठरले नाही.

अण्णांनी एका वहीत हाउझरने दाखविलेल्या ठिकाणांची नावे देवनागरीत लिहून ठेवली होती. ओसाड झालेले सोन्याच्या खाणींचे बोडी गाव, वॉट्सचे मनोरे, साल्टन समुद्र, फुलांचे माळ. “जमंल तवा जाऊ,” असे ते म्हणत. ते जमेनासे होते, कारण मला शनिवारीही कचेरीत बोलावत, आणि बोलावले नाही तरी मी जात असे. शेवटी आम्ही जे एक ठिकाण धडपणे पाहिले ते सॅन वान कॅपिस्ट्रानोचे मिशन.

स्पॅनिश धर्मगुरूंनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने २१ मिशने उभारली. हाउझरने त्या सर्वांवर एक स्वतंत्र मालिकाच केली. कॅपिस्ट्रानोचे मिशन १७७६ चे. तेथील भव्य दगडी चर्च १८१२ च्या डिसेंबरात, आत प्रार्थना चालू असताना, भूकंपाने कोसळले. दरवर्षी १९ मार्चला, सेंट जोसेफच्या दिवशी, दक्षिण अमेरिकेतून पाकोळ्या तेथे परततात अशी ख्याती आहे. अण्णांना पाकोळ्यांची घरटी पाहावयाची होती. मी १९ मार्चला रजा काढली नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी गेलो. पडक्या चर्चचे जतन करताना भिंतींवरची मातीची जुनी घरटी काढण्यात आली होती आणि त्यानंतर पाखरे पूर्वीसारखी येईनाशी झाली होती. आम्ही तासभर मान वर करून पाहिले. पाकोळी दिसली नाही.

मी निघण्याची घाई करीत होतो. तेवढ्यात अण्णा कारंज्यापाशी उभ्या असलेल्या एका वृद्ध स्वयंसेविकेपुढे जाऊन उभे राहिले. धोतर, वर मुलीने दिलेला युनिव्हर्सिटीचा सदरा, पायांत पांढरे कापडी बूट. त्यांनी उजव्या हाताची मूठ बाईंच्या समोर धरली, जणू तिच्यात ध्वनिक्षेपक आहे, आणि विचारले, “मॅडम, हाउ लाँग यू हिअर?”

माझ्या कानशिलांना झोंबले. वीस वर्षे मी जे लपवीत आलो होतो ते सगळे त्या अंगणात भर दुपारी उघड्यावर उभे होते. मी पुढे होऊन दिलगिरी व्यक्त करणार, तोच बाई खळखळून हसल्या. त्यांनी ती मूठ ओळखली होती! त्या मुठीपुढे वाकून त्यांनी हाउझरच्या पाहुण्यांसारखेच ऐटीत उत्तर दिले, “अकरा वर्षे!” मग पुढची चाळीस मिनिटे त्या बोलत होत्या. त्यांच्या लहानपणी घरट्यांनी भिंती कशा भरून जात, घंटा कोण वाजवी, त्यांचे यजमान कसे गेले. अण्णांना त्यांतले निम्मे कळले असेल. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवीत आणि मध्येच खऱ्या आश्चर्याने “ओ माय!” म्हणत. त्यांनी आपल्या कुंभोजच्या बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीविषयी सांगितले, उंची हाताने दाखविली. बाईंनी मला भाषांतर करावयास सांगितले. मी भाषांतर केले. आणि ते करताना माझ्या लक्षात आले की इतक्या वर्षांत या देशातल्या एकाही अनोळखी माणसाला, तू येथे किती वर्षे आहेस, असे मी विचारलेले नाही. मला एवढीच भीती असे की तो मला हेच विचारील.

परतताना अण्णांना उशीर होऊ नये म्हणून आम्ही रस्त्यालगतच्या एका बागेत डबा सोडला. मे महिन्याचा लांब दिवस, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होते. आम्ही एकत्र जेवलो.

२००३ साली अण्णा गावी परत गेले. मी फार आग्रह केला नाही, हे खरे आहे. त्यांनी आपली खोली झाडून, पलंगावरची चादर घडी घालून, वॉट्सच्या त्या मजुरासारखी जागा रिकामी करून दिली. गावी घरी भाऊ-भावजय, नातवंडे होती आणि संध्याकाळी पंगत होती.

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. तीन दिवस दूरध्वनी लागेना. चौथ्या दिवशी लागला. मी घाबऱ्याघुबऱ्या विचारले, “अण्णा, पाणी कुठवर आलंय?” त्यांनी आधी जरा दम घेतला, आणि मग सावकाश, एकेक गोष्ट दाखवावी तसे, सांगू लागले. मारुतीच्या देवळाची तिसरी पायरी बुडाली आहे. देसायांच्या वाड्याची भिंत पडली, तिच्या आत मातीचे केवढे जुने रांजण निघाले. गुरे वरच्या माळाला नेली. आणि बसदीत मात्र पाणी शिरलेले नाही. “लुई पायजे हुता,” ते म्हणाले. पुरात सापडलेला ८२ वर्षांचा माणूस मला धीर देत होता.

२००८ मध्ये अण्णा गेले. मला पोहोचावयास दोन दिवस लागले.

हाउझरने २०१२ च्या नोव्हेंबरात निवृत्त होत असल्याचे कळविले. आजार त्याने कोणालाच सांगितला नव्हता. इतरांच्या घरात बिनधास्त शिरणारा हा माणूस स्वतःविषयी कमालीचा अबोल होता. ७ जानेवारी २०१३ रोजी पाम स्प्रिंग्ज येथे, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. आठवड्याभराने ग्रिफिथ वेधशाळेच्या हिरवळीवर त्याला निरोप द्यावयास लोक जमले. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. शेजारी मेक्सिकन दिसणारे एक आजोबा उभे होते. मी त्यांना विचारले, “आपण लॉस एंजेलिसला किती वर्षे आहात?” माझ्या बोलण्यात त्या दिवशी कोल्हापूर होते की नव्हते, हे मी पाहिले नाही. त्यांचे उत्तर बरेच लांबले.

आपल्या साऱ्या चित्रफिती हाउझरने आधीच ऑरेंज येथील चॅपमन विद्यापीठाला देऊन टाकल्या होत्या, आणि विद्यापीठाने त्या सर्वांना घरबसल्या विनामूल्य पाहता येतील अशी व्यवस्था केली आहे. शास्त्रदान, अण्णा म्हणाले असते.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. व्रत म्हणून नव्हे, वैद्यांनी सांगितले म्हणून सुरुवात केली, पण आता आम्ही दोघे दिवस मावळण्यापूर्वी जेवतो. डिसेंबरात पावणेचारला. ताटे धुऊन ठेवली की बाहेर अजून ऊन असते आणि पुढे संबंध संध्याकाळ पडलेली असते. मग मी संगणक उघडतो. परवा एक भाग लागला, अ‍ॅव्होकॅडोच्या बागेतला. बागवान माहिती सांगतो आहे आणि त्याचा कुत्रा खाली पडलेले फळ दातांनी सोलून मजेत खातो आहे. हाउझर ते पाहून असा काही ओरडतो, की जगात याहून मोठे नवल घडलेच नसावे. हा भाग अण्णांनी पाहिला होता की नाही, मला आठवेना. सौ.ला विचारले. ती म्हणाली, “पाहिला असता तर तो कुत्रा शाकाहारी आहे, हे त्यांनी साऱ्या केंद्राला सांगितलं असतं.”

आम्ही तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.